चाळीस ओळींनंतरचं एक मिनिट

भिंगरीकाकूंच्या पायाला भिंगरी लागलीय, हे काही आजचं नाही. तान्ह्या असताना म्हणे एका कुशीवर दोन घटका कधी निजल्या नाहीत. त्रेसष्टाव्या वर्षीही उभ्यानेच जेवतात. समोरच्याचं अर्धं वाक्य होईतो दुसऱ्या खोलीत पोचतात आणि तिथून ‘हं, पुढे?’ म्हणतात. अशा बाईने एका जागी बसून स्वेटर विणायचा धंदा करावा, ही नशिबाची थट्टाच म्हणायची.

पण केला. अठ्ठावीस वर्षं केला, आणि तो काकांच्या जिवावर. काका म्हणजे त्यांचे यजमान. रेडिओ दुरुस्त करायचे. ही जेवढी चळवळी तेवढेच ते थंड. घरच्या टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर पूर्वी मिळायचे, त्यातला एक त्यांनी आणला, दोनशे सुयांच्या विणायच्या यंत्राला त्याच्या वायरी जोडल्या आणि प्रोग्रॅम स्वतः लिहिला. कुठल्या ओळीला कुठल्या सुया वर यायच्या ते कॉम्प्युटर ठरवणार, काकूंनी यंत्रावरची सरकती पेटी हाताने इकडून तिकडे ढकलायची. दर चाळीस ओळींनी मात्र पडद्यावर ‘थांबा’ यायचं आणि मिनिटभर एक सुई हलायची नाही. काकू कावायच्या, हाती घेतलेलं काम संपेतो पेटी सोडवायची नाही त्यांना. काका म्हणायचे, ‘यंत्र दमतं गं.’ मग काकू यंत्राच्या सात पिढ्या उद्धरत उठायच्या आणि खोलीभर फिरून यायच्या.

काका जाऊन दोन वर्षं झाली. एका गाणाऱ्या मंडळाने ऐंशी स्वेटर मागितले, छातीभर उडणारे पक्षी हवे, एकासारखा दुसरा नको. काकांचा प्रोग्रॅम चोवीस सुयांची नक्षी पुन्हा पुन्हा काढायचा, त्यापलीकडे त्याची मजल नव्हती. लेकीने एक घाव दोन तुकडे केले. नवं यंत्र मागवलं, आणि जागा एकाचीच म्हणून गुरुवारी सकाळी दहाला भंगारवाल्याला बोलावलं. काकू म्हणाल्या, तोवर मी ह्याच्यावर पक्षी काढून दाखवले तर? तर राहू दे, लेक म्हणाली. तिला खात्री होती, हे होत नाही.

तिचं तरी काय चुकलं? त्या कॉम्प्युटरची सारी अक्कल पंधरा हजार अक्षरांची. हल्लीच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात शिरायचा नाही. पक्ष्यांना लागणार साडेसात हजार, शिल्लक जेमतेम चार. काकूंनी कॉम्प्युटरबरोबरचं जुनं पुस्तक काढलं आणि फेऱ्या मारत मारत तीन आठवड्यांत प्रोग्रॅम लिहायची विद्या शिकल्या. पाठीत कळा, डोळ्यांत पाणी, आणि पडदा म्हणतोय ‘जागा नाही’. नाकी नऊ आले बाईच्या.

मग त्यांनी काकांचा प्रोग्रॅमच वरून खाली पाहिला, आणि हात थांबला. कामाच्या ओळींच्या अध्येमध्ये काकांनी स्वतःसाठी शेरे लिहून ठेवले होते. कॉम्प्युटर असले शेरे वाचत नाही, ओलांडून जातं, पण जागा ते पुरेपूर खातात. ‘ही सुई अडते, तेल घाल.’ ‘चहा आणला होता, गार झाला, रागावली.’ ‘मुलीला ताप. बाकीचं उद्या.’ असे एक्क्याण्णव शेरे, मिळून चार हजार अक्षरं. पुसले तर पक्षी मावत होते.

म्हणजे नवऱ्याचं यंत्र वाचवायचं तर नवऱ्याचं बोलणं पुसायचं. काकूंनी वही घेतली आणि शेरे उतरवू लागल्या, आणि आश्चर्य म्हणजे बसून उतरवू लागल्या. लेकीने दोनदा डोकावून पाहिलं, आईला बरं नाही की काय म्हणून. पण स्वभाव कुठे जातो? शेवटचे दहा-बारा राहिले तेव्हा बुधवारची दुपार टळली होती. काकूंना वाटलं, असेल तेलाचं आणि सुयांचंच काहीतरी. न वाचता पुसले. पक्षी भरले आणि सगळं दुसऱ्या कॅसेटवर साठवलं; त्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम गाण्यांसारखे टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरच राहायचे.

गुरुवारी नऊला विणायला घेतलं. ओळ चाळीस, आणि तिथेच माशी शिंकली. ‘ओळ २१४० सापडत नाही.’ प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला क्रमांक असतो; चाळीस ओळी विणून झाल्या की काकांचा प्रोग्रॅम उडी मारून २१४० वर जायचा, ती ओळ नेमकी एक शेरा होती, आणि तो शेरा आता नव्हता. जाणत्याने उडी पुढच्या ओळीवर वळवली असती. काकूंची विद्या तीन आठवड्यांची. त्यांना एवढंच कळलं की यंत्राची विश्रांती गेली, आता ते जळणार.

तिथे काय होतं ते पाहायला काकांची मूळ कॅसेट परत चढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती वाचायला सहा मिनिटं लागत आणि तेवढा वेळ घरात कुणी पाऊल उचलायचं नाही, कारण टेपची वायर सैल होती. जमीन हलली की सगळं पहिल्यापासून. पहिल्या खेपेला काकू स्वतःच उठल्या. दुसऱ्या खेपेला त्यांचा पाय हलला. पावणेदहा वाजले होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, गुडघ्यांना मिठी मारली आणि श्वाससुद्धा बेताने घेतला.

कॅसेट वाचली गेली. काकूंनी पडद्यावर ओळ २१४० मागवली.

‘चाळीस झाल्या. हिची पाठ भरते, सांगून उठायची नाही. एक मिनिट अडवून धर. विचारलं तर म्हणायचं, यंत्र दमतं.’

लेक मागे उभी होती, तिनेही वाचलं. अठ्ठावीस वर्षं त्या मिनिटाला शिव्या घातल्या होत्या. ‘बघ गं, मला फसवलं,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि रडल्या.

तसेच पाय वर घेऊन पक्ष्यांची कॅसेट पुन्हा चढवली. पक्षी भरूनही पाचशे अक्षरांची जागा उरली होती. काकूंनी तो शेरा जसाच्या तसा, त्याच क्रमांकावर परत लिहिला. पेटी ढकलायला लागल्या. पहिल्या पक्ष्याची शेपटी उमटली तेव्हा भंगारवाला दोरी घेऊन दारात उभा होता.

चाळिसावी ओळ झाली. पडद्यावर ‘थांबा’ आलं. काकू उठल्या, पण फिरल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी पाठ सावकाश ताठ केली आणि तशाच उभ्या राहिल्या.

भंगारवाल्याने आत वाकून पाहिलं. ‘बंद पडलं वाटतं?’

‘नाही हो,’ काकू म्हणाल्या. ‘यंत्र दमतं.’