नव्वद हजारांचं जातं

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात एक माणूस असा लागतो, जो एक वस्तू घ्यायला आठ महिने लावतो. मग वस्तूच्या आधी किस्सेच घरपोच यायला लागतात! आमच्याकडं हा माणूस म्हणजे माझा नातू सौरभ. वय एकतीस, कॉम्प्युटरची नोकरी, आणि ऑफिस म्हणजे शिवाजी पेठेतल्या आमच्याच घराची माडी. त्याला हवं होतं कॉफीच्या बिया दळायचं विजेचं यंत्र. कॉफी करायचं नव्हे हं, ते आधीच येऊन ओट्यावर बसलं होतं. हे नुसतं दळायचं!

ह्याच आठ महिन्यांत त्याच्यासाठी मुलगी बघणंही चाललं होतं. माझी सून सुरेखा रोज देवापुढं हात जोडून म्हणायची, "ग्राइंडर कवाबी येऊ दे, पर ह्या वर्षी सून येऊ दे. आणखी थांबलं तर ह्येला कोण इचारणार न्हाय!"

*

एकदा जेवताना सौऱ्यानं यंत्राची किंमत सांगितली. त्याचा बाप, म्हणजे माझा दत्ता, घास हातात धरून थांबला.

"किती म्हणालास?"

"नव्वद हजार, पप्पा. पण ह्या क्वालिटीत तसं स्वस्तच..."

दत्तानं घास खाल्ला. पाणी प्याला. मग शांतपणे विचारलं,

"दूध किती देती?"

*

मग एक दिवस सौऱ्यानं मलाच समोर बसवून शिकवणी घेतली. यंत्रात म्हणे दोन पोलादी चकत्या असतात, एक थांबलेली, एक फिरणारी. त्या सपाट घ्याव्यात की निमुळत्या, ह्यावर जगात दोन पक्ष आहेत. वैर एवढं, की एकमेकांच्यात सोयरीक करणार नाहीत!

म्हटलं, "जातं म्हण की सरळ!"

"जातं नव्हे गं आजी. जोरात फिरवलं की ह्या चकत्या तापतात. मग कॉफीचा वास मरतो."

आता, नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीत मी चाळीस वर्षं काढली. दळण तापलं की काय होतं, हे हा मला सांगणार! तरी ऐकून घेतलं. शिकलेल्या माणसाला मध्येच तोडू नये, त्याला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

शेवटी त्यानं विचारलं, "आपल्या गिरणीचा स्पीड किती होता गं?"

म्हटलं, "रांगेत बायका भांडायला लागल्या, की वाढवायचो!"

*

उद्यमनगरात त्याचा एक मित्र आहे. त्याच्याकडं असली तीन यंत्रं. एकाच जातीची कॉफी तिन्हींवर दळून चाखायची, असं दोघांचं ठरलं. सौऱ्या सकाळी गेला तो नऊ कप पिऊन दुपारी आला.

आल्या आल्या त्यानं घरातले सगळे पंखे पुसले. मग मसाल्याचे डबे उंचीप्रमाणं लावले. मग शेजाऱ्यांच्या सायकलीला तेल घातलं, त्यांनी न सांगता!

सुरेखानं हळूच त्या मित्राला फोन लावला.

"बाळा, उद्याबी बोलव की रं ह्येला. माळा राहिलाय!"

*

पेठ वडगावचे पावणे आले तो दिवस मात्र मी विसरायची नाही. चांगली माणसं, मुलगीही बोलकी. सगळं सुरळीत चाललं होतं. मुलीच्या बापानं सहज विचारलं, "काय जावईबापू, मोबाईलवर काय बघता एवढं?"

झालं! सौऱ्यानं मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि दोन यंत्रांच्या तुलनेचा व्हिडिओ लावला. पाऊण तासाचा! पावण्यांनी तो पोहे हातात धरून, मान हलवत बघितला. सोयरीक करायची म्हणजे माणूस काय काय सोसतो!

व्हिडिओ संपल्यावर त्यांनी घसा खाकरला. "बरं, आमची मुलगी कशी वाटली?"

आठ महिन्यांची सवय. सौऱ्या बोलून गेला,

"शॉर्टलिस्ट केलीय."

पावण्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. निम्मी. कोल्हापुरात निम्मी बशी म्हणजे काय, ते पोस्टानं कळवावं लागत नाही.

*

एकदाचं यंत्र आलं. दोघांनी धरून आत आणलं, सुरेखाचा मिक्सर कपाटात गेला आणि ओट्यावर हे महाराज बसले. आम्ही नारळ फोडायला घेतला, तोवर सौऱ्यानं ते नवं कोरं यंत्र खोलून त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले! म्हणे चकत्या सरळ बसल्यात का बघायचंय. त्यांना मार्करची शाई फासून, ती कुठं घासली जाते ते बघून.

दत्ता म्हणाला, "नवा ट्रॅक्टर शोरूममधनं आणून कोण इंजिन उतरवतं का रं?"

दोन दिवस जोडणी, तिसऱ्या दिवशी दळणं. पाव किलो कॉफी नुसती सेटिंग लावण्यात गेली. मग बापासमोर पहिला कप आला. कप कसला, बाहुलीच्या भातुकलीतला! तळाशी दोन घोट, काळे.

दत्तानं कप डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"ह्ये जेवायच्या आधी घ्यायचं का नंतर?"

*

आणि मग चंदगडची अश्विनी आली. बापाचा काजूचा कारखाना, सगळा कारभार हिच्या हातात. दोघं आधी फोनवर बोललेली. सौऱ्याला ती एवढी पसंत, की दोन दिवस त्यानं एकही व्हिडिओ बघितला नाही. सुरेखानं दम दिला होता, "यंत्राचं नाव काढलंस तर बघ! ही गेली तर मी तुला कुटंच दाखवणार न्हाय." यंत्रावर टॉवेल टाकला होता.

अश्विनी पाणी प्यायला आत आली, ओट्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्या टॉवेलाखाली काय?"

सौऱ्या माझ्याकडं बघतोय, मी भिंतीकडं.

तिनंच टॉवेल उचलला. "अरे वा! करा की मग एक कप."

सौऱ्यानं कॉफी केली. गडबडीत अर्धी पूड ओट्यावर सांडली. तिनं एक घोट घेतला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"किती दिवस लागले निवडायला?"

"आठ महिने," सौऱ्या जमिनीकडं बघत म्हणाला.

"एवढे दिवस काय केलं?"

"रिव्ह्यू वाचले. जे वापरतात, त्यांचे."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडं वळली.

"आजी, तुम्ही ह्यांना किती वर्षं वापरताय?"

म्हटलं, "एकतीस. माल चांगला हाय पोरी, पर आवाज लई करतोय."

मग ती सुरेखाकडं वळली. "आणि नाही पटलं, तर परत घेता का हो?"

सुरेखा हातातला ट्रे तसाच धरून ओरडली,

"न्हाय! एकदा दिलेला माल परत घेतला जाणार न्हाय!"

सौऱ्यानं ओट्यावरची पूड पुसायला घेतली.

अश्विनीनं कप त्याच्यापुढं धरला.

"आंबट झालीय. पुढच्या खेपेला जरा बारीक दळा."