तिसरा खटका

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते सोलरच्या प्लेटा धुण्याचं. सकाळी ती नळीनं पाणी मारत होती, मी काठीला बांधलेल्या फडक्यानं पुसत होतो. चार दिवस आभाळ भरलेलं होतं.

"ऊन न्हाई न काही न्हाई, कशाला घासायलाव?" ती म्हणाली.

"असंल तेवढा उजेड तरी खाऊ दे त्यांना."

"मला कधी एवढ्या मायेनं खाऊ घातलं न्हाई!" असं म्हणून तिनं माझ्याच पायावर पाणी सोडलं.

लातुरात ट्युशनची पोरं वाढली, तशा या इमारती उठल्या. आमच्या इमारतीत खाली दुकानं, मधल्या मजल्यांवर पोरांची अभ्यासिका, गच्चीवर आमची पत्र्याची खोली. मी राखणदार. पगार कमी होता, पण डोक्यावर पत्रा होता म्हणून नोकरी धरली.

भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं. मी कंधारला गेलतो, म्हणून वाचलो. ती दगडाखाली होती, पोरगी तिच्या शेजारी. अंधारात पोरीचा हात धरून पडली होती. दुपारी लोकांनी तिला काढलं तवा हात धरलेलाच होता, पण पोरगी गेली होती. त्यानंतर ती स्लॅबखाली झोपली न्हाई. अन् अंधार झाला की तिचे पायच हालायचे न्हाईत. बसल्या जागी बसून राहायची.

मालकानं प्लेटा बसवल्या, जिन्याखाली कपाटाएवढ्या बॅटऱ्या ठेवल्या. दिवसा भरायच्या, करंट गेला की त्यांच्यावर अभ्यासिका चालायची. डब्यात दोन खटके होते, एक अभ्यासिकेचा, एक जिन्याचा अन् मोटारीचा. मी वायरमनच्या हातापाया पडून तिसरा लावून घेतला, आमच्या खोलीच्या बल्बचा. वर जाऊन तिला सांगितलं, "आता तुझा दिवा जायचा न्हाई." त्या दिवसापासून ती दिव्याकडं तोंड करून झोपायची.

प्लेटा धुतल्या त्याच दिवशी दुपारी करंट गेला. दिवेलागणीला बॅटऱ्या तळाला आल्या, बॅटऱ्यांची मशीन ओरडायला लागली. पोरांची परीक्षा जवळ आली होती. मालकाचा फोन आला, "अभ्यासिका सोडून बाकी सगळं बंद कर." मी दोन्ही खटके खाली ओढले. जिन्याचा अन् आमचा.

वरून तिचा आवाज आला. "ओ, दिवा गेला ओ."

"थांब, आलो," मी म्हणालो. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. मालक, मग एका पोराचा बाप. मी बोलत राहिलो. ती पुन्हा ओरडली न्हाई, म्हणून मला वाटलं, बरी हाय.

वर गेलो, मोबाईलचा उजेड धरला तर ती भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात अर्धी निवडलेली शेपू. उजवा हात बाजूला, मूठ मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. अंग गार पडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाला, हार्ट. वायरमन पुढं कधीतरी बोलून गेला, एक बल्ब बंद केल्यानं पोरांना पाच मिनिटंही जास्त मिळाली नसती. मला ते ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. अजून करंट गेला की जिन्यात तिचा आवाज येतो, अन् माझ्या तोंडून निघून जातं, आलो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. कंधारची नातेवाईक माणसं यायची होती, म्हणून तिला उचललं नव्हतं. बाया म्हणाल्या, मूठ सोडवा. मी म्हणालो, हात लावू नका. मग नळी घेतली, काठी घेतली अन् एकट्यानं सगळ्या प्लेटा धुतल्या. एका हातानं पाणी, एका हातानं फडकं, निम्मं पाणी माझ्याच अंगावर. लोक बघत होते. ओल्या कपड्यांनीच खाली गेलो, तिसरा खटका वर केला, अन् परत वर येऊन भर उजेडात जळणाऱ्या त्या बल्बखाली तिच्याजवळ बसलो.