एक नंबरचा बिल्ला

किनाऱ्यावरच्या पायऱ्या जिथे समुद्रात उतरतात, तिथे लाकडी फळीसमोर खुर्ची टाकून काकू बसत. आत पाण्याखाली बाग होती. म्हणजे मुद्दाम बुडवलेली जुनी होडी, सिमेंटच्या कुंड्या, त्यांत वाढलेले जीव आणि माशांची नावं लिहिलेल्या दगडी पाट्या. पायऱ्यांपासून एक दोर थेट तिथवर जायचा. पाठीवर हवेची टाकी बांधून लोक दोर धरून आत जात. जाण्याआधी प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा, असा नियम. एकट्याने उतरायचं नाही, म्हणून एका खिळ्यावर बिल्ले दोन. संध्याकाळी फळी रिकामी दिसली, की सगळे वर आले.

हा नियम काकूंचाच. लोक त्यांना चाळणीबाई म्हणत, कारण त्यांच्या नजरेतून न गाळता कोणी पाण्यात गेलं नव्हतं. तोंडावर मात्र सगळे ‘काकू’ म्हणत.

“रात्री झोप झाली का?”

“झाली, काकू.”

“मग डोळे का लाल?”

“साबण गेला!”

“साबण दोन्ही डोळ्यांत बरा जातो,” असं म्हणून त्या उतरायला आलेल्याला अर्धा तास बाकावर बसवून ठेवत.

शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान कॉम्प्रेसरवर टाक्या भरत. बागेतल्या पाट्या त्यांनीच स्वतःच्या हातांनी बसवल्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानाच्या पडद्याला भोक पडलं आणि कानाच्या डॉक्टरांनी बजावलं, “पाण्याखाली चक्कर आली, तर वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळणार नाही. आता उतरायचं नाही.” त्यांचा एक नंबरचा बिल्ला घरी दारामागच्या खुंटीवर गेला.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली ती भांडी घासायच्या ब्रशावरून. ब्रश सापडेना.

“अहो, ब्रश पाहिलात का?”

“मी कशाला बघू ब्रश? मी भांडी घासतो का?”

एरवी हा माणूस “नाही” एवढंच म्हणाला असता. एका ब्रशासाठी दोन वाक्यं त्यांना जास्तच वाटली.

मग एक दिवस एक तरुणी टाकी उतरवता उतरवता म्हणाली, “काकू, पाट्या कसल्या लख्ख झाल्यात! नावं लांबून वाचता येतात.”

“बागेच्या ऑफिसनं माणूस पाठवला असेल,” आतून यजमान लगेच म्हणाले.

ऑफिसला काकू पुरत्या ओळखून होत्या. फळीसाठी चार खिळे मागितले होते, ते अजून यायचे होते. त्या रात्री यजमान झोपल्यावर काकूंनी हळूच त्यांच्या भुवईवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. पण किनाऱ्यावर दिवसभर काम करणाऱ्याची भुवई खारट असायचीच. पुरावा काही नाही. शिवाय त्यांची नजर चुकवून कोण जाणार होतं?

दातांच्या डॉक्टरांवर तेवढा त्यांचा विश्वास होता. दाढ काढताना त्यांनी खोटा धीर दिला नव्हता, “दुखेल” म्हणून आधीच सांगितलं होतं. ते नेहमी मेव्हण्याबरोबर बागेत उतरायला यायचे. त्या दिवशी एकटेच आले.

“मेव्हणे तापानं पडलेत. दुसरा जोडीदार आत कपडे बदलतोय, काकू. तुम्ही चहा घेऊन या, त्याचा बिल्ला तो लावेल.”

काकू चहाला गेल्या. परत आल्या तर डॉक्टरांच्या खिळ्यावर दोन बिल्ले होते. सगळं ठीक होतं. तरी काहीतरी कमी होतं. कपातला चहा निम्मा झाला तेव्हा उमगलं: कॉम्प्रेसरचा आवाज नव्हता. टाक्या भरायची ऐन वेळ आणि खोलीला बाहेरून कडी!

त्यांनी डॉक्टरांचा बिल्ला बाजूला सारला. मागे एक नंबर होता.

काकू खुर्चीतून उठल्या. त्या शेवटच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसल्या. हाक मारून उपयोग नव्हता. पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा दिसत होत्या. एक भराभर येणारी, दुसरी सावकाश. ती सावकाश त्यांची. मध्येच ती थांबली की काकूंचाही श्वास थांबे.

बऱ्याच वेळाने दोन डोकी वर आली. एकाच्या हातात भांड्यांचा ब्रश होता.

“दाढ काढताना खोटं बोलला नाहीत, आणि आज?” काकू आधी डॉक्टरांवर बरसल्या.

“जोडीदार आहे एवढंच म्हणालो, काकू. कोण ते तुम्ही विचारलंच नाही,” असं पुटपुटत डॉक्टर पटकन बदलायच्या खोलीत गेले.

यजमान गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले. “पाट्यांवर शेवाळ चढलं होतं गं. लोक नावं न वाचताच परत येत होते.”

“वाचू देत नाहीतर न वाचू देत! किती वेळा गेलात?”

“ही चौथी वेळ. आधी तीनदा तू घरी जेवायला गेलीस, तेव्हा डॉक्टर आणि मेव्हण्यांच्या मागोमाग.”

“आणि मला फसवायचंच होतं, तर हा बिल्ला कशाला लावलात? न लावता गेला असता, तर मला कळलंही नसतं.”

ते मास्कचा पट्टा उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, “संध्याकाळी फळीवर एक बिल्ला उरला असता, तर कुणाला शोधायचं ते तुला कळलं असतं.”

काकू फळीपाशी गेल्या. त्यांनी बिल्ला काढून मुठीत घट्ट धरला. नियमाप्रमाणे तो ज्याचा त्यानेच काढायचा, हेही त्या क्षणी त्यांना आठवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या यजमानांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. पडदा अजून भरला नव्हता. टाकी बांधून खाली जाणं कायमचं बंद झालं.

आता पाट्या घासायचं काम दातांचे डॉक्टर आणि त्यांचे मेव्हणे करतात, दर पंधरवड्याला; ती काकूंनी दिलेली शिक्षा आहे. यजमान पायरीवर बसून कुठली पाटी राहिली ते विचारत असतात. एक नंबरचा बिल्ला दारामागे नाही आणि फळीवरही नाही. तो काकूंच्या पर्समध्ये असतो, आणि दिवसातून दोनदा त्या पर्स उघडून बघतात.

“अजून विश्वास नाही ना?” यजमान विचारतात.

“आहे की,” काकू म्हणतात, आणि त्यांच्या भुवईवरून एकदा बोट फिरवतात.