हसनचाचांचं नाक

हसनचाचांवर मी जळतो, हे आधीच सांगून टाकतो. मानकोलीच्या आमच्या गाळ्यात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढतात. पेंढा मोठा हट्टी. कुटून, आम्लाच्या पाण्यात भिजवून वाफेवर शिजवला तरच पुढे त्यातली साखर सुटते आणि यीस्टच्या तोंडी पडते. हे शिजवणं चाचांकडे आणि माझ्याकडे.

मी बीएस्सी केमिस्ट्री, गाळ्याची जागाही आमचीच. चाचा टेमघरचे, सातवी पास; तीस वर्षं सायझिंगमध्ये सुताला लावायची खळ शिजवली. तरी कारखाना चालवणाऱ्या रुचिका मॅडम दर बॅचला विचारणार, "चाचा, झालं का?" मग चाचा नळीतून सुटणारी वाफ हुंगणार आणि ऐटीत मान हलवणार. मीटर बघणारा मी, पण मला कुत्रं विचारत नव्हतं. त्यात शिफ्ट इनचार्जची जागा निघाली. ती मला हवीच होती.

त्या सोमवारी पूर्ण्याहून पेंढा आला. दहाव्या मिनिटाला चाचा म्हणाले, "प्रितेश, वाफ बंद कर. करपट गुळाचा वास येतो. पेंढा जुना हाय, रचलेल्या उडवीच्या तळातला. लवकर शिजतो तो."

"चार्टात वीस मिनिटं हायेत, चाचा."

वास मलाही आला होता. शेतकऱ्याच्या पोटचा मी, आणि पेंढा ओळखावा सायझिंगवाल्यानं! अंगाचा तिळपापड झाला. मुद्दाम पूर्ण वीस मिनिटं वाफ चालू ठेवली. साखर करपली, आणि करपलेली साखर म्हणजे यीस्टला विष. दोन दिवस झाले तरी टाकीत एक बुडबुडा येईना, यीस्ट मेलं.

मॅडमनी दोघांना उभं केलं. मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "माजं नाक चोंदलं होतं, मॅडम. वासच न्हाय आला. त्यानं चार्टाप्रमाणं केलं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुला जागा पायजे होती ना? घे," चाचा म्हणाले आणि चहाला गेले.

इनचार्ज मी झालो. काल बॅच लागली, वाफ सुटली, तशा सगळ्यांच्या माना चाचांकडे वळल्या. माझा असा जळफळाट झाला! चार्टाप्रमाणं अजून सात मिनिटं बाकी होती. झडपेवर हात माझाच होता, आणि मीही चाचांकडेच बघत होतो.