सखारामची दिवसाची झोप

सखाराम सकाळी बर्फाच्या कारखान्यातून घरी आला की आधी पूर्वेकडच्या भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभा राही. भिंत चिऱ्याची, गिलावा न केलेली. अंगणात ऊन आलं की लवकर तापायची. हातांतला रात्रभराचा गारठा भिंतीत उतरेपर्यंत तो तसाच उभा राही आणि मग कडी काढून आत येई. लग्न झालं त्या पहिल्या महिन्यात त्याने कामावरून आल्या आल्या यमुनाच्या गालाला हात लावला होता आणि ती दचकून मागे सरली होती. लगेच हसलीही होती, पण दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीपाशी थांबू लागला. पावसाळ्यात भिंत ओली असे, तेव्हा पडवीतल्या चुलीवर हात शेकी. त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही.

घर मिऱ्या गावात, कारखाना बंदरालगत. मालक आप्पा. रात्री विजेला गिऱ्हाईक नसतं म्हणून ती स्वस्त मिळते, एवढंच आप्पांनी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर सखारामचा पुढचा सगळा संसार उभा राहिला. रात्री मशीन चालायचं, मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडलेल्या डब्यांतलं पाणी गोठायचं आणि पहाटे लाद्या फोडून बर्फ होड्यांत भरला जायचा. सखाराम मशीनवर. रात्रपाळी त्याचीच, कायमची. दुसरा कोणी ती मागत नव्हता आणि त्यानेही कधी बदलून मागितली नाही.

म्हणून यमुनाच्या घरात दिवसा रात्र असे. खिडकीला जाड चादर. भांडी फडक्यावर ठेवायची, म्हणजे वाजत नाहीत. कुकर तर ती शेजारच्या दीपालीकडे नेऊन लावी आणि शिट्या झाल्या की पदराआड धरून परत आणी. वाडीतली पोरं खेळायला विहिरीपलीकडे जात. मासे विकणारी येसूबाई, जिची हाक दुसऱ्या वाडीत ऐकू जाई, ती यमुनाच्या दारात येऊन कानाशी लागून सांगितल्यासारखी म्हणे, “बांगडं हायत.” मुलगी सानिका लहानपणी इतकी हळू बोले की शाळेतून तक्रार आली होती. आता ती लग्न होऊन चिपळूणला होती आणि फोनवरही तिचा आवाज तेवढाच.

“काकींच्या घरात दिवसाची पाल पण चुकचुकत नाय,” दीपाली म्हणायची.

यमुनाला त्यात कमीपणा वाटत नसे. कोणाची बायको नवऱ्याला डबा देते, कोणाची जाळी विणते. तिचं काम त्याची झोप राखण्याचं होतं आणि ते ती चोख करत होती. तिन्हीसांजेला दोघं एकत्र जेवत. मग तो जाई, आणि ती एकटी, खाटेवर आडवी-तिडवी, सकाळपर्यंत झोपे.

आप्पा थकले तसा त्यांचा मुलगा उन्मेष कारखाना बघू लागला. मुलगा वाईट नव्हता. सगळ्यांना दादा म्हणायचा, मशीनला स्वतः हात लावायचा. त्याने एका कंपनीशी विजेचा करार केला. कंपनीची सौरपॅनेलं तिकडे घाटावर, आणि वीज तारांतून इथे. गुढीपाडव्याला त्याने सगळ्यांना गोळा करून पेढे दिले आणि समजावून सांगितलं. या करारात दर एकच नाही. वीज कोणत्या तासाला पोचते त्यावर तो ठरतो. भर दुपारी पॅनेलं ओसंडून वीज देतात, तेव्हा दर सगळ्यांत खाली. ऊन उतरलं की चढायला लागतो, दिवेलागणीनंतर दुपारच्या दुपटीवर जातो आणि रात्री थोडा उतरला तरी दुपारइतका खाली येतच नाही. म्हणजे बर्फ आता दिवसा करायचा.

लाद्या ओढणारा धोंडू म्हणाला, “म्हंजे आता सूर्याकडनं बर्फ घ्यायचा. उद्या मांजराकडनं मासळी राखून घ्या.”

सगळे हसले. उन्मेषही हसला. सखारामने एवढंच विचारलं की रात्री मशीनवर कोण असेल.

“कोणीच नाही, दादा. रात्री मशीन बंद. इतकी वर्षं जागलात, आता घरी जाऊन झोपा.”

त्याने हे बक्षीस दिल्यासारखं सांगितलं, आणि सखारामने घरी येऊन ते तसंच यमुनाला सांगितलं. यमुनालाही ते बक्षीसच वाटलं. तिने खिडकीची चादर काढून धुतली. बाजारातून दुसरी उशी आणली.

पण झोप काही पाळी बदलून आली नाही. सखाराम रात्री खाटेवर पडे, छताकडे बघत राही, मग उठून पडवीत जाऊन बसे. यमुनाला खाटेवर दुसऱ्या माणसाची सवय नव्हती; तो हलला की तिला जाग येई, तो उठून गेला की अपराधी वाटे आणि लगेच झोप लागे. सकाळी तो डोळे तांबारलेले घेऊन जाई. संध्याकाळी परत येई तेव्हा पूर्वेची भिंत कधीच निवलेली असे. तरी तो तिला हात लावून मगच आत येई.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की तो सकाळी दहापर्यंत गुंगीत राही, म्हणून अर्धी घेऊ लागला. अर्धीने काहीच होत नसे. पायाला तेल, दुधात जायफळ, दीपालीच्या सासूने सांगितलेला काढा, सगळं करून झालं. जेवणानंतर दुपारी मात्र, नेमकं वीज सगळ्यांत स्वस्त आणि मशीन भरात असताना, त्याचे डोळे मिटत. धोंडू जाता-येता त्याला कोपर मारून जागं करी. एकदा धोंडू नव्हता, आणि उन्मेषने पाहिलं.

मेच्या शेवटी उन्मेष घरी आला. पडवीत बसला, कोकम सरबत घेतलं, आप्पांच्या गुडघ्यांबद्दल बोलला. मग पेल्याकडे बघत म्हणाला, “दादा, तिथे अमोनिया आहे. मशीनपाशी माणूस जागाच हवा. मला भीती वाटते हो.”

सखाराम म्हणाला, “रात्री थोडं चालवलं तर? निम्मं रात्री, निम्मं दिवसा.”

“करार पंधरा वर्षांचा आहे.”

जाताना उन्मेषने सांगितलं, पावसाळी बंदीचे दोन महिने हातात आहेत, होड्या सुटायच्या आत झोपेचं काहीतरी बघा, नाहीतर नाइलाजाने दुसरा माणूस बघावा लागेल. हे त्याने यमुनाकडे बघून सांगितलं. झोप हे तिचं खातं आहे, हे त्यालाही ठाऊक असावं.

मासेमारीची बंदी लागली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, कारखाना जवळजवळ बंद. सखारामला कामावर जायचं नव्हतं आणि त्याचं शरीर लगेच जुन्या वाटेला लागलं. सकाळी दिवस वर आला की झोपेचा लोंढा यायचा. यमुनाने आता उलटं काम हाती घेतलं. त्याला दिवसा झोपू द्यायचं नाही. भांडी वाजवायची. कुकर घरातच लावायचा. पहिली शिटी झाली तेव्हा तीच दचकली आणि गॅस बंद करायला धावली. तिने त्याला फणसाचे गरे काढायला लावले, आठळ्या सोलायला बसवलं, मालगुंडला माहेरी घेऊन गेली. तिथे तिच्या भावाच्या ओटीवर तो बसल्या बसल्या झोपला तेव्हा तिने सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर पाणी शिंपडलं. भावजय हसली. सखारामने तोंड पुसलं आणि म्हणाला, “बरं केलंस.”

जागं ठेवायचं म्हणून ती त्याच्याशी बोलत राही. पण बोलायचं काय? एका ताटाच्या वेळेपुरतं बोलणं दोघांना येत होतं. आख्खा दिवस समोर आला तेव्हा एसटीची वाट बघणाऱ्या दोन अनोळखी उतारूंसारखे ते बसून राहिले. एकदा त्याने विचारलं, “मी नसायचो तेव्हा रात्री काय करायचीस गो?”

“झोपायची.”

“एकटीला भीती?”

“पयल्या-पयल्यांदा वाटायची.”

त्याने मान हलवली. एवढं बोलून झाल्यावर त्यांना बरंच काही बोलल्यासारखं वाटलं आणि त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही.

जुलैच्या अखेरीस तो रात्री दोन-तीन तास झोपू लागला. यमुनाने सानिकाला फोन करून सांगितलं. होड्या सुटल्या, मशीन सुरू झालं, उन्मेषने काही विचारलं नाही, धोंडूचं कोपर तेवढं पुन्हा चालू झालं. गणपतीत आरत्यांची जाग्रणं झाली आणि जमलेलं सगळं परत विस्कटलं. विसर्जनानंतर सखाराम जेवताना घास हातात धरून थांबायचा, जणू पुढे काय करायचं असतं ते आठवत नाही. यमुना हाक मारी, मग तो घास तोंडात जाई.

त्या आठवड्यात वारा सुटला. बंदरावर वादळाचा बावटा लागला, होड्या परत आल्या. बर्फाला मागणी नाही म्हणून उन्मेषने मशीन बंद ठेवलं आणि सगळ्यांना घरी राहायला सांगितलं. सखाराम घरी होता. सकाळी त्याने माडाच्या झावळ्या गोळा केल्या, दीपालीच्या पत्र्यावर दगड ठेवून दिले. दुपारी भात आणि कुळथाचं पिठलं जेवला. मग म्हणाला, जरा पाठ टेकतो.

यमुना नको म्हणणार होती. जूनपासून तो दिवसा घरी असला की ती नको म्हणत आली होती. पण त्याचा चेहरा बघून त्या दिवशी तिच्याने तसं म्हणवलं नाही. तो खाटेवर कुशीवर वळला, भिंतीकडे तोंड करून, आणि थोड्याच वेळात घोरू लागला. हलकं, एकसारखं, पूर्वीसारखं घोरणं. ते ऐकून यमुनाला आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. तिने धुऊन ठेवलेली जाड चादर काढली आणि आवाज न करता खिडकीला लावली.

मग तिचे हातपाय आपोआप कामाला लागले. ती दीपालीला टीव्ही लहान कर म्हणून सांगून आली. पोरांना विहिरीपलीकडे घालवलं. येसूबाई रस्त्यावरून हाक देत आली तेव्हा यमुनाने लांबूनच हात वर केला आणि येसूबाई हाक अर्धी गिळून, मान डोलावत, पुढे गेली. किती महिन्यांनी असं झालं, असं त्या दोघींनाही वाटलं असणार.

चहाची वेळ झाली. तिने चहा ठेवला. दारातून बघितलं तर तो तसाच, भिंतीकडे तोंड करून. घोरणं थांबलं होतं. गाढ लागलीय, तिला वाटलं. झोपलेल्याला उठवणं हे ती याच वर्षी शिकली होती. न उठवणं तिच्या हाडात होतं. तिने त्याचा चहा झाकून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

दिवेलागणीला दिवा लावून झाल्यावर ती आत गेली. हाक मारली. मग मोठ्याने मारली, त्या घरात कधी कोणी मारली नसेल इतक्या मोठ्याने, आणि त्या हाकेनेच दीपाली धावत आली.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसणार. नक्की केव्हा, ते यमुनाने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. रात्री सानिका आली. सकाळी धोंडू, उन्मेष, काठी टेकत आप्पा, सगळे आले. उन्मेष बराच वेळ पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. यमुनाने त्याला चहा द्यायला सांगितलं. तिला रडू येत नव्हतं. बायका येऊन जवळ बसत, पाठीवरून हात फिरवत, आणि तिला फक्त वाटत होतं की घरात फार आवाज होतोय.

पुढे मुंबईहून आलेल्या नणंदेने विचारलं, शेजारणींनी विचारलं, सानिकाने दोनदा विचारलं की बाबा शेवटचं काय म्हणाले. यमुना सगळ्यांना सांगत राहिली, काही नाही, जेवले आणि झोपले. तेच सगळ्यांना बरं वाटलं. पण तो काही न बोलता झोपला नव्हता. जेवून उठल्यावर, पंच्याने हात पुसत पुसत, तो तिला म्हणाला होता, “चहाच्या वेळेला उठव हां गो. नायतर रात्री परत डोळा लागायचा नाय.”