भोईर बाईंचा शेवटचा ठसा

भोईर बाईंच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी कात्रपला भाजीवाल्याकडे मेथीची जुडी बघत होते. "बाई गेल्या गं. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच…" मी "बरं" म्हटलं. मेथी घेतली, घरी येऊन निवडून ठेवली आणि मग रिक्षाने चिखलोलीला त्यांच्या घरी गेले. रडू आलं नाही. आता दोन महिने होत आले, अजूनही आलेलं नाही.

लाकडावर चित्र कोरून ते हाताने कागदावर छापायला मला भोईर बाईंनी शिकवलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. लग्न केलं नव्हतं, भाऊ-वहिनींकडे राहायच्या. घरामागे पूर्वी भाताची पोती ठेवायची खोली होती, तिथे त्यांचं काम चाले. मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिला महिनाभर त्यांनी मला लाकूड दिलंच नाही, नुसती पटाशी आणि धारेचा दगड. "बाई, कोरायचं कधी?" "धार हाताला कळली की." मग एक दिवस उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात घेऊन गेल्या. फळ्यांचे उरलेले तुकडे वेचताना दुकानदार शेठ मला म्हणाला, "इस टुकडे का क्या करोगी, बेटा?" बाईंनी मराठीतच उत्तर दिलं, "माणसं काढणार."

परीक्षेसाठी मी तोच बाजार कोरला. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं मात्र सुलटी कोरली, त्यामुळे छाप्यात सगळी उलटी आली. परीक्षा चार दिवसांवर. मी पटाशी त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही कोरून द्या ना." त्यांनी हात मागे घेतले. "माझा हात लागला की तो माझा ठसा होईल." नवी फळी दिली आणि दोन दिवस शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. कशालाही हात लावला नाही. शाई लावलेल्या फळीवर ठेवलेला कागद लाकडी डावाच्या पाठीने घासून मी तो एका कोपऱ्यातून उचलला, अक्षरं सरळ आली होती. बाई एवढंच म्हणाल्या, "डावीकडे शाई कमी पडलीय."

पुढे मला मुंबईत कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम मिळालं, लग्न झालं. बाईंकडे जाणं दिवाळीपुरतं उरलं. या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून बोलावलं. उजवा हात थरथरायला लागला होता. टेबलावर एक मोठी फळी होती, तिच्यावर पेन्सिलीने काढलेलं त्यांच्या भावाचं शेत. तिथे आता टॉवर उभे आहेत. निम्मं कोरून झालं होतं, शेवटच्या रेघा वाकड्या गेल्या होत्या.

"उरलेलं तू कोर."

"तुम्हीच म्हणाला होतात, दुसऱ्याचा हात लागला की…"

"तेव्हा तू शिकत होतीस."

तो अख्खा रविवार मी कोरत बसले. बांध झाले, आभाळ राहिलं. "पुढच्या रविवारी येते," म्हणून निघाले. पुढच्या रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं जेवायला होती. त्याच्या पुढच्या रविवारी मला ताप होता. नंतरच्या रविवारांना कारणही नव्हतं… नुसती गेले नाही.

बाईंचे दिवस झाल्यावर वहिनींनी ती खोली उघडून दिली. खिडकीपासून दाराजवळच्या खिळ्यापर्यंत दोरी होती आणि तिला चिमट्यांनी कोरे कागद लावलेले होते, वाळून सुरकुतलेले.

"दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडून कागद ओलवून घ्यायच्या," वहिनी म्हणाल्या. "छापायचं तर कागद आदल्या दिवशी भिजलेला हवा, म्हणायच्या. तू आली नाहीस की रविवारी वाळत घालायला लावायच्या."

"मला फोन का नाही केलात?"

"मी म्हटलं होतं. म्हणाल्या, कामात असेल ती."

मी पटाशीला धार लावली आणि बसले. आभाळ कोरायला तीन रविवार लागले. मग तेच सुरकुतलेले कागद पुन्हा ओलवले आणि छापले. पहिले दोन बिघडले, तिसरा बरा आला. बाईंचे भाऊ त्याच्यावर वाकले आणि कागदाला बोट न टेकवता दाखवत म्हणाले, "ही आपली विहीर."

ठसा पुरा झालाय. तरी शनिवारी संध्याकाळी वहिनींचा फोन येतो. "कागद ओलवून ठेवू ना गं?" मी हो म्हणते, आणि रविवारी जाते.