नाल्यापलीकडची फुई

फुईने कुणाला कधी हळू आवाजात नावं ठेवली नाहीत. जे काय बोलायचं ते ओट्यावर उभं राहून, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला ऐकू जाईल अशा बेताने. कुणी कानाशी लागून चुगली करायला लागलं की ती म्हणायची, "जरा मोठ्यानं बोल वं माय, त्याले बी ऐकू दे." मग चुगली सांगायला आलेल्या बाईला एकदम चुलीवर ठेवलेलं दूध आठवायचं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या खान्देशात आत्याला फुई म्हणतात. धरणगावच्या बाजूला आमचं गाव, आणि मधला नाला ओलांडला की तिचं सासर. आमचं वरचं गाव, तिचं खालचं. आमच्या अंगणात पातेलं पडलं तर तिने तिकडून विचारावं, काय सांडलं म्हणून, एवढंच अंतर. इतक्या जवळ पोरगी दिली म्हणून भाऊबंद आजीला हसले होते म्हणे. आजीचं उत्तर तयार असायचं, "लांब दिली असती तरी हिचा आवाज आलाच असता."

एरवी फुई वाटेल तेव्हा नाला उतरून यायची. विरजण मागायला, पापड लाटायला, कधी नुसतीच माझ्या आईशी भांडायला. आखाजीला मात्र नाही. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि तो आमच्याकडे लेकींचा सण. त्या सणाला माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय फुई पाऊल उचलायची नाही. नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन सकाळपासून ओट्यावर बसून राहायची. आमच्या गच्चीवरून ती स्पष्ट दिसायची. मुराळी म्हणजे माझे वडील, ज्यांना घरात आणि गावात सगळेच आबा म्हणतात. आबा मुद्दाम उशीर करायचे. दुसऱ्यांदा चहा मागायचे, गच्चीत आरसा टांगून दाढी करायला बसायचे. मग पलीकडून आवाज यायचा, "दाढी कोणाले दाखाडस रे? निंघ!"

मोटरसायकल आल्यावर हा प्रवास चहा निवायच्या आत संपू लागला. पण पहिल्या आखाजीला आबा बैलगाडी घेऊन गेले होते. मिसरूड फुटलेलं, बहिणीला आणायला निघालोय याची ऐट. येताना बैल दामटले, नाल्यात चाक दगडावर चढलं आणि म्हशी बसायच्या त्या डबक्यात गाडी उलटली. नवी साडी, सासरहून आलेली सांजोऱ्यांची पाटी, सगळं चिखलात. फुई उठली तोवर आबा रडत होते. तिने पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. ही गोष्ट ती दर आखाजीला आमरसाच्या पंगतीत सांगायची, आबा दरवर्षी "झालं का सुरू" म्हणायचे आणि आम्ही दरवर्षी हसायचो. घराबाहेर मात्र तिने ही गोष्ट कधी जाऊ दिली नव्हती.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बार असतो. गौराई बोळवायला दोन्ही गावच्या पोरीबाळी आणि माहेरवाशिणी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि समोरच्या गावाला मनसोक्त शिव्या घालतात. शाळेत नव्याने बदलून आलेल्या एका मॅडमना दंगल झाली असं वाटून त्यांनी आतून कडी लावून घेतली होती. फुई माहेरवाशीण म्हणून आमच्या काठावर असायची. ज्या गावात वर्षभर नांदायची, त्याच गावाला त्या दिवशी धुऊन काढायची. तुमच्या विहिरीला गाळ, तुमच्या जावयांना टक्कल, तुमच्या वरणात डाळ शोधायला भिंग लागतं! तिची सासू पलीकडे पहिल्या रांगेत बसून पदरात हसायची. दिवस मावळला की बार संपायचा, आणि मग कुणी कुणाचं काही मनात ठेवायचं नाही. "नाल्यामधलं नाल्यामा," फुई म्हणायची. सासरी गेल्यावर सासू तिला चहा देऊन म्हणायची म्हणे, ते जावयांचं काय बोललीस, पुन्हा सांग.

अशा या घरात अतिजलद रेल्वे आली. म्हणजे गाडी नाही आली, नुसती बातमी आली. मग शेतांत लाल-पांढऱ्या झेंड्या रोवल्या गेल्या, कुणी यंत्र लावून बघून गेलं, आणि दोन्ही गावांत दुसरा विषय उरला नाही. रेषा बहुतेक खालच्या गावाच्या शिवारातून जाणार होती. फुईचं बागायती वावर, विहिरीसकट, झेंड्यांच्या मधोमध. आमचीही एक पट्टी जात होती, पण ती बरड.

आबा गाडीच्या बाजूने होते, आणि ते काही कुणी शिकवलं म्हणून नव्हे. ते म्हणायचे, आपल्या भागाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला गेली की दिवाळीलाच तोंड दाखवतात. दवाखान्यासाठी माणूस मुंबईला न्यायचा तर वाटेतच अर्धा होतो. जळगावला ही गाडी थांबली तर आपली माणसं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतील. यात खोटं काय होतं?

फुईचंही खोटं नव्हतं. तिला रेल्वेचं वावडं नव्हतं, उलट फार आवड. दोंडाईच्याला मिरची आणायला ती दरवर्षी पॅसेंजरने जायची. गाडी सुटायच्या आत शेजारणीचं गाव, गोत आणि सुनेचा स्वभाव विचारून मोकळी व्हायची. "थांबस ती गाडी," हे तिचं ठाम मत. आणि ही नवी गाडी? "जी गाडी आपला गावकडे देखस बी नही, तिले आपन वावर कसाले देवानं?" पैसे मिळतील म्हटलं तर ती विचारायची की पैशाला मोट लावून पाणी निघतं का.

मला विचाराल तर मला दोघांचंही पटत होतं, त्यामुळे सुट्टीत जळगावहून गावी गेले की दोन्हीकडून माझीच धुलाई व्हायची. पण तोपर्यंत सगळं घरात होतं. सकाळी नाल्यापलीकडून कडाकडा भांडण, दुपारी कळण्याच्या भाकरी आणि भरताची वाटी पोहोचती.

मग लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला अधिकारी आले. हायस्कूलच्या मैदानावर मंडप टाकला होता. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, मधोमध येण्या-जाण्याला वाट सोडली होती आणि लोक आपोआप गावाप्रमाणे बसले. वाटेच्या एका अंगाला वरचं गाव, दुसऱ्या अंगाला खालचं. फुई अर्थातच तिच्या वावराच्या बाजूने, खालच्या गावच्या बायकांत. मी आईशेजारी बसले होते.

आबा आधी बोलले. इस्त्रीचा सदरा, शुद्ध भाषा, मुद्दे पाठ केलेले. बरं बोलले. मग माइक पलीकडे गेला. फुई उठली, सुरुवातीला साहेबांकडे तोंड करून नीट बोलत होती. विहिरीचं सांगितलं, सासऱ्यांनी ती कशी खणली ते सांगितलं. साहेबही मान हलवत होते. एवढ्यात आमच्या बाजूने कुणीतरी मध्येच बोललं, तशी ती वळली. समोर वरचं गाव, मध्ये रिकामी वाट, आजूबाजूला बायका. बस्स, तिचा बार सुरू झाला!

वरच्या गावाच्या एकेका चुलीचं उणंदुणं तिने बाहेर काढलं. मंडप हसू लागला तशी ती आणखी रंगली, आणि मग आबांकडे हात करून माइकवर म्हणाली, "ज्याले बैलगाडी नालामधून काढता उनी नही, तो आते उडती गाडी आनस! पहिला आखाजीले यानी माले म्हशीसना डबकामा पाडं, नवी साडीसुद्धा!"

लोक लोळायचे बाकी होते. साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. मोबाइल वर झाले होतेच. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ मला जळगावला ऑफिसात लोकांनी दाखवला. मी ज्या डाळमिलच्या ऑफिसात काम करते तिथल्या मॅनेजरला माहीत नव्हतं की उडत्या गाडीवाले ते गृहस्थ माझे वडील आहेत. मी सांगितलं. पुढचे दोन दिवस त्यांनी मला काही काम सांगितलं नाही.

आबा भांडले नाहीत, तेच वाईट झालं. एवढंच म्हणाले, "जन्मभर आपल्या काठावरून बोलली. आज पलीकडून बोलली." त्यानंतर फुई विरजण मागायला आली की ते मागच्या दाराने शेतात जायचे. फुईला सुरुवातीला कळेचना काय झालं. तिच्या हिशेबी मंडप उठला तेव्हाच ते संपलं होतं. आई तिला म्हणाली, "अक्का, तो बार नव्हता हो." फुई उंबऱ्यातून उठली आणि नाल्याकडे निघाली. विरजणाची वाटीही तशीच विसरून गेली.

आखाजी आली. सकाळपासून फुई ओट्यावर, नवी साडी, मांडीवर पिशवी. आबांनी दाढी केली, चहा घेतला, आणि वर्तमानपत्र उघडलं. आई दोनदा नुसती समोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आबा, ती बसलीय." ते म्हणाले, "दिसतंय मला." दुपारी आमरसाची पंगत झाली, कुणी गोष्ट सांगितली नाही आणि खापरावरच्या पोळ्या तशाच उरल्या. मी गच्चीवर गेले तर फुई अजून तिथेच. सून तिला जेवायला बोलवत होती आणि ती मान हलवत होती. मला आबांचा इतका राग आला की मी खाली येऊन वर्तमानपत्रच उचलून ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी बार. आमचा काठ अगदीच मुका. पोरी एकमेकींना ढकलत होत्या, तू बोल, तू बोल. फुईच्या जीवावर आम्ही सगळ्याच ऐतखाऊ झालो होतो. पलीकडच्या पोरींना मग ऊत आला. आमच्या बाजूने उत्तर येत नाही म्हटल्यावर एकीने हाताचा कर्णा केला आणि ओरडली, आबा, आमच्या म्हशींना तुमची आठवण येते! सगळा काठ खदखदला. बायांच्या मागे, लिंबाखाली पुरुष उभे असतात, त्यांत आबा होते. ते मान खाली घालून जायला वळले.

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून फुई उठली. काठापर्यंत आली आणि नाल्याकडे पाठ करून आपल्याच सासरच्या पोरींवर कडाडली, "मना भाऊले हासानं व्हई ते मी हाससू! तुम्ही कोन हासनाऱ्या?" आणि तिथूनच, खालच्या गावाच्या काठावर उभी राहून, तिने खालच्या गावाला असं काही सोलून काढलं की तसा बार मी पुन्हा ऐकला नाही. पोरी हसायचं विसरल्या. बोलता बोलता तिचा आवाज फाटला, तरी थांबेना.

मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. बार चालू असताना पुरुषाने नाल्यात उतरायचं नसतं. आबा उतरले. बायका बाजूला झाल्या. पलीकडे जाऊन तिच्यासमोर गाडी उभी केली आणि म्हणाले, "बस मांगे."

फुईने डोळे पुसले, पिशवी आणायला सुनेला पिटाळलं, गाडीकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "नाला मी पायी उतरसू. तुना गाडीना भरवसा नही." दोन्ही काठ हसले. आबाही. गाडी ढकलत ते पुढे आणि पिशवी सांभाळत ही मागे, अशी आमची माहेरवाशीण एक दिवस उशिरा माहेरी आली. रात्रीच्या जेवणात तिने रेल्वेवरून आबांशी पुन्हा कडाक्याचं भांडण केलं. मत दोघांचंही तसूभर हललं नाही.

पुढच्या आखाजीपर्यंत ती राहिली नाही. थंडीत, वांगी ऐन भरात असताना, चार दिवस ताप आला आणि गेली. आबांनी तिच्या ओट्यावर बसून राहून तिचं शेवटचं सगळं केलं. परत येताना नाला पायी उतरले, मोटरसायकल तिकडेच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याने आणून दिली.

मी ऑफिसात आता भांडते ते तोंडावर, मोठ्याने, आणि संध्याकाळी त्याच माणसाला चहा पाजते. लोक म्हणतात, बाई विचित्र आहे. म्हणू देत.

रेल्वेचं अजून ठरलेलं नाही. झेंड्यांचा रंग उडाला, काही जनावरांनी तुडवल्या. मध्यंतरी पुन्हा एकदा म्हणणं ऐकून घ्यायला नवे साहेब आले. पुन्हा मंडप, मध्ये वाट, दोन अंगांना दोन गावं. आबा उठले. हातात कागद नव्हता. म्हणाले, "आधी माझ्या बहिणीचं म्हणणं सांगतो." आणि त्यांनी ते सांगितलं. विहिरीचं सांगितलं, सासऱ्यांनी ती कशी खणली ते सांगितलं, थांबणाऱ्या पॅसेंजरचं आणि न थांबणाऱ्या गाडीचं सांगितलं, एकही मुद्दा गाळला नाही. मग म्हणाले, "आणि हे मांडणारा माणूस कसा आहे तेही ती सांगायची," आणि स्वतःच्या तोंडाने बैलगाडीची गोष्ट सांगितली. डबकं, साडी, सांजोऱ्या, स्वतःचं रडणंसुद्धा.

मंडपात कुणी हसलं नाही. आबांनी खालच्या गावच्या बायकांकडे बघितलं. "हासा ना," ते म्हणाले. "आते तुमले हासाना हक्क शे."

मग त्यांनी आपले मुद्दे मांडले, नेहमीचेच, गाडी हवी म्हणून. नवे साहेब गोंधळले. पेन उघडं धरून त्यांनी विचारलं, "काका, मग तुमच्या नावापुढे नक्की काय लिहू? बाजूने की विरोधात?"

आबा म्हणाले, "मी बाजूले शे, ती विरोधमा शे. दोन्ही लिखी ल्या."